पावसापूर्वी तलावातला सगळा गाळ उपसू नका

महूपासून हातोदपर्यंत गंभीर नदीच्या खोऱ्यात ज्या शेतकऱ्यांनी बुजलेले तलाव आणि ओढ्याकाठच्या पाणथळ जागा पुन्हा जिवंत केल्या आहेत, त्यांनी मृगाचा पाऊस येण्याआधी थोडे लक्ष त्यांच्याकडेही द्यावे. याच नदीवरील यशवंत सागराचे पाणी इंदूर शहर पिते, आणि २०२२ मध्ये त्या जलाशयाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला आहे.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय पदार्थांपासून तयार झालेले नायट्रेट आणि बटाटा-लसणाला दिलेल्या खताचा उरलेला अंश पहिल्या जोरदार पावसात विरघळून ओढ्यांत आणि विहिरींत उतरतो. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नसल्यामुळे नुसता बांध घालून ते अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांसाठी विशेष घातक ठरते.

पाणथळ जागेत हे नायट्रेट काढून टाकण्याचे काम चिखलातील जिवाणू करतात. प्राणवायू नसलेल्या थरात ते कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगतात आणि नायट्रेटचे रूपांतर नत्रवायूत करतात. काठी खुपसून पाहिल्यास वर तपकिरी रंगाचा पातळ थर आणि त्याखाली काळसर चिखल दिसतो. तो काळसर भाग हीच त्यांची कामाची जागा. मे महिन्यात शेतात टाकण्यासाठी तलावाचा गाळ तळाच्या मुरमापर्यंत खरवडून नेला जातो, तेव्हा हा थरही निघून जातो आणि तो पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. गाळ शेताला उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तो एका वर्षी निम्म्या भागातून आणि पुढील वर्षी उरलेल्या भागातून काढावा, असा आमचा आग्रह आहे.

पाणी आत येते तेथून सांडव्यापर्यंत सरळ धार लागली, तर जिवाणूंना वेळच मिळत नाही. म्हणून मातीचे बुटके आडवे बांध घालून पाणी वळणावळणाने फिरवावे आणि उथळ भागात ते साधारण वीतभर ते हातभर खोल ठेवावे. रामबाण (पाणकणीस) व लव्हाळा वाढू द्यावा आणि त्यांचा वाळलेला पाला तेथेच पडू द्यावा, कारण जिवाणूंचे खाद्य तोच आहे. जलपर्णी मात्र दिसताच काढून टाकावी. तळ नवा आणि उघडा असेल, तर गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले धसकट, जाळण्याऐवजी तिचा पातळ थर तेथे अंथरून वर दगड ठेवावेत; ढीग मात्र टाकू नये, त्याने पाणी सडते.

अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतांच्या निचऱ्याच्या वाटेवर मुद्दाम उभारलेल्या पाणथळ जागा साधारण ४० ते ७० टक्के नायट्रेट काढून टाकतात, असे तेथील अनुभव सांगतो. मात्र तेथील हवामान वेगळे आहे. आपल्याकडे मुसळधार पावसात पाणी तासाभरात वाहून जाते, त्यामुळे मोठ्या पुराला बाजूने वाट ठेवून लहान प्रवाह पाणथळ जागेत वळवणे अधिक फायद्याचे ठरेल. थंडीत जिवाणूंचे काम मंदावते. म्हणून गव्हाला युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा.

सोयाबीनची पेरणी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी आणि हेक्टरी २५ किलोंहून अधिक नत्र देऊ नये, कारण हे पीक मुळांवरील गाठींतून आपले बरेचसे नत्र स्वतःच मिळवते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रवेशाजवळील आणि सांडव्याजवळील पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन नायट्रेट तपासून घ्यावे. दोन्हींत फरक दिसला नाही, तर आधी आडवे बांध पाहावेत. बहुधा त्यांपैकी एखादा फुटलेला असतो.