मंडळीतला पक्षपात कसा शोधावा आणि कसा काढावा

'आमच्याकडे सगळे समान' असं जवळजवळ प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकायला मिळतं. म्हणणारा बहुधा पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो. पक्षपात मनात शोधायला गेलात तर हाती लागत नाही, कारण आपलं मन आपल्याला साफच दिसतं. तो सापडतो बसायच्या जागेत, पैशाच्या वहीत आणि कोणाची तक्रार किती दिवस पडून राहिली यात. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही तिथूनच सुरू होतो. सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घालून आलेल्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतल्या गरिबाला मात्र उभं राहा, नाहीतर पायापाशी बस, असं सांगितलं जातं. याकोब याला शिष्टाचारातली चूक म्हणत नाही, सरळ पाप म्हणतो (२:९). आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याचा नियम आहे. खुर्ची हा प्रीतीचाच विषय आहे, तो असा.

आधी चार रविवार नुसतं पाहा

दोघांना वही घेऊन मागे बसवा. एक स्त्री, एक पुरुष. पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, घरातलं कोणी नको. टिपायच्या गोष्टी साध्या आहेत: दारात कोणाला 'या, बसा' आणि कोणाला 'सरक जरा' म्हटलं जातं, उशिरा आलेल्या कोणासाठी कोणाला उठवलं जातं, उपासना संपल्यावर पाळक कोणाशी किती वेळ बोलतात, कोण कोणाशीही न बोलता निघून जातं, जेवण असेल तर भांडी नेहमी कोण घासतं. नावं लिहू नका, फक्त 'तरुण मजूर', 'नवीन विधवा' एवढंच. नावं आली की चारच दिवसांत वहीची कुजबुज होते, आणि मग ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांचीच मान खाली जाते.

चार रविवार झाले की दुरुस्ती मात्र लगेच करा. पुढच्या राखीव जागा काढा. अपंग, वृद्ध आणि ऐकू कमी येणारे सोडून. दारात उभे राहणारे दर महिन्याला बदला. सगळ्यांना एकच संबोधन वापरा. जिभेची सवय जायला वेळ लागतो, तेव्हा चुकलं तर तिथल्या तिथे सुधारून पुढे बोला. माफीचं नाटक नको.

मदतीचे पैसे

खरी कसोटी इथे लागते. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' (प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले पुढारी), अध्याय ६: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच बाजूच्या हाती वाटप दिलं गेलं, असंच यावरून दिसतं. ही युक्ती आपण क्वचितच वापरतो. तक्रार करणाऱ्याला समितीत घेण्यापेक्षा त्याच्यासाठी प्रार्थना करणं सोपं जातं.

व्यवहारात असं करा. मदत समिती तिघांची, तिन्ही वेगळ्या घरांतले, आणि त्यांतला एक तरी असा की ज्याला कधी मदत घ्यावी लागली आहे. वहीत चार रकाने: तारीख, गरज, रक्कम, गरज कोणी जाऊन पाहिली. सदस्याच्या नातलगाचा अर्ज आला तर त्याने त्या निर्णयापुरतं उठून बाहेर जावं. दानार्पण दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी. पौलानेही देणगी नेताना सोबत माणसं घेतली होती, कोणी ठपका ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). एकूण रक्कम मंडळीला सांगा, घेणाऱ्याचं नाव कधीही नाही. मदतीच्या बदल्यात 'साक्ष द्या', म्हणजे देवाने कसं तारलं ते सर्वांसमोर सांगा, म्हणणं हा दुसरा कर झाला.

समान आणि न्याय्य यांत गल्लत होते ती इथेच. सगळ्या घरांना सारखी रक्कम दिली की भांडण मिटतं, पण उपाशी घर उपाशीच राहतं. कृत्ये ४:३५ मध्ये वाटप गरजेप्रमाणे होतं. उलट न्यायनिवाड्यात गरज मधे आणायची नाही: लेवीय १९:१५ बलवानाचा मुलाहिजा ठेवू देत नाही, तसा गरिबाचाही नाही. भाकरी वाटताना गरज बघायची. खरं-खोटं ठरवताना तोंड बघायचं नाही.

तक्रार आल्यावर

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत देऊ नका. पहिल्याचं बोलणं नेहमी खरंच वाटतं, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत (नीतिसूत्रे १८:१७). मत्तय १८:१५-१७ मधला क्रम असा: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. या क्रमाचा सर्वांत मोठा गैरवापर म्हणजे दुबळ्याला बलवानाकडे 'आधी एकटी जाऊन बोल' म्हणून पाठवणं. ते वचन भावाबद्दल आहे, ज्याच्यासमोर बसून बोलता येतं अशा माणसाबद्दल. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा लहान मुलाचा प्रश्न असेल तर क्रम नाही, त्याच दिवशी पोलीस. 'क्षमा कर' हे तेव्हा मंडळीने म्हणायचं वाक्य नाही.

मंडळीच्या वडिलावर (म्हणजे पुढाऱ्यावर) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हेही लिहिलंय (१ तीमथ्य ५:१९). पण पुढच्याच वचनात, पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखव, असं आहे. पहिलं वचन सगळ्यांना पाठ असतं.

सहा महिन्यांनी वही पुन्हा काढा. या वेळी ती अशा दोघांच्या हाती द्या ज्यांच्यासारखे पहिल्या वहीत 'न बोलता निघून गेले' या रकान्यात होते.