कटिंग्जमधून स्रोत खडक आणि सील खडक ओळखताना

ठाणे-नवी मुंबईत भूशास्त्र शिकणाऱ्याने पारसिकच्या डोंगरात कोठेही हातोडा मारला तरी हाती बसाल्टच लागतो. तेलविहिरीतला शेल, म्हणजे चिकणमातीचा थरदार खडक, तो बहुधा प्रथम प्रयोगशाळेच्या ट्रेमध्येच, खोदताना वर आलेल्या तुकड्यांच्या (कटिंग्जच्या) रूपात पाहतो. समोरच्या समुद्रात, मुंबई हायच्या परिसरात, पन्ना फॉर्मेशनमधील (खडकांच्या थरसमूहातील) शेल व कोळसा हा तेलाचा मुख्य स्रोत, म्हणजे ज्यात तेल तयार होते तो खडक, मानला जातो आणि वरच्या चिंचिणी फॉर्मेशनमधील शेल हे प्रादेशिक सील, म्हणजे तेल वर निसटू न देणारे झाकण. दोन्हींतील शेल चिकणमातीचाच खडक असल्यामुळे केवळ कणांच्या बारीकपणावरून निर्णय करता येत नाही.

सूक्ष्मदर्शकाकडे वळण्यापूर्वी नमुन्याची खोली पडताळावी. खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलाबरोबर तुकडे वर येण्यास लागणारा वेळ, म्हणजे लॅग, चुकीचा धरला गेला असेल तर पुढचे सर्व वर्णन भलत्याच थरावर लादले जाते. त्यानंतर केव्हिंग्ज वेगळ्या कराव्यात: विहिरीच्या भिंतीवरून ढासळलेले हे तुकडे बहुधा मोठे, लांबट व वाकलेले असतात आणि ते वरच्याच थरांतून येतात. त्यामुळे शेलचा एखादा प्रकार पुढच्या नमुन्यांत दिसत राहिला तरी तो प्रथम कोठे आढळला, यालाच महत्त्व द्यावे.

स्रोत खडकाच्या बाबतीत काळ्या रंगावर फार विश्वास ठेवू नये, कारण बारीक पायराइटमुळेही (लोह-सल्फाइड खनिजामुळेही) शेल काळा दिसतो. तुकडा पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घासल्यास तपकिरी रेघ उमटणे, पातळ पापुद्रे आणि तुलनेने हलके वजन ही खूण अधिक भरवशाची. तरीही अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा: शेलमध्ये एकूण सेंद्रिय कार्बन सामान्यतः किमान ०.५ टक्के हवा, १ टक्क्याच्या वर तो चांगला समजतात; नमुना तापवून करायच्या रॉक-इव्हल चाचणीतील टीमॅक्स, म्हणजे सेंद्रिय पदार्थातून सर्वाधिक हायड्रोकार्बन सुटतात ते तापमान, सुमारे ४३५ अंश सेल्सिअसला पोचला की तेल तयार होण्याची अवस्था सुरू झाली असे मानतात. यासाठीचे तुकडे हाताने वेचावेत, थंड पाण्याने धुवावेत आणि तापत्या भट्टीत न ठेवता हवेवर वाळवावेत. चिखलात लिग्नाइट, गिल्सोनाइट (नैसर्गिक डांबर) किंवा डिझेल मिसळलेले असल्यास तशी नोंद नमुन्यासोबतच जावी, अन्यथा चिखलातला कार्बन खडकाच्या नावावर जमा होतो.

सील खडकाची अडचण उलट आहे. तो विहिरीत जितका असतो त्यापेक्षा ट्रेमध्ये कमी दिसतो. मऊ चिकणमाती चिखलात विरघळून धुतली जाते आणि सीलचे काम करणारे मीठ तर पाण्याच्या चिखलात उरतही नाही, म्हणून टक्केवारीची सांगड खोदण्याच्या वेगाशी व गॅमा-रे लॉगशी (थरांच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या नोंदीशी) घालावी. तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून तो फुगतो का, सुईने दाबल्यावर चुरा होतो की तो नुसता दबतो आणि त्यात गाळाची रेव किती जाणवते, हे पाहावे. रेव जास्त असेल तर सीलची क्षमता घटते. पांढरा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसला नाही तर तो चुनखडी नसून ॲनहायड्राइट (कॅल्शियम सल्फेटचे खनिज) असू शकतो, आणि ते उत्तम सील असते. सील किती दाब पेलेल हे मात्र नजरेने ठरत नाही; त्यासाठी खडकात दाबाने पारा घुसवण्याची चाचणी करावी लागते.