आवाज भिंतीतून नव्हे, फटीतून येत होता

आमचं घर म्हापशात, अगदी रस्त्याला लागून. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तर पहाटेपासून हॉर्न. आधी जाड पडदे लावले. खोलीतला घुमारा कमी झाला, पण बसचा घरघराट तसाच. पैसे वाया.

मग एका रात्री पंखा बंद करून उदबत्ती पेटवली आणि सरकत्या खिडकीच्या कडेने फिरवली. दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात, तिथे धूर सरळ आडवा! रुळातला, फट झाकणारा केसाळ पट्टीचा ब्रश झिजून गेला होता. चिऱ्याच्या भिंती जाडजूड, त्यांचा दोष नव्हताच.

जुनी खिडकी ठेवली. आतून साधारण 10 सेंटीमीटर अंतर सोडून दुसरी बसवली: बिजागरीची, रबरी पट्टीवर घट्ट दाबून बसणारी, लॅमिनेटेड काचेची, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली. चौकट आणि भिंतीमधली फट सिलिकॉनने भरली. बाहेरच्या रुळातली पाणी जायची भोकं मात्र बुजवू दिली नाहीत. पावसाळ्यात सगळं पाणी घरात आलं असतं.

आता हॉर्न लांबून आल्यासारखा वाटतो. बसचा खर्ज अजून थोडा जाणवतो. वाऱ्यासाठी परसाकडची खिडकी उघडी असते, तिथून फक्त शेजारचा कोंबडा.