टिटवी ओरडली, की मागे फिरा

एप्रिलमध्ये भिगवणला उजनी धरणाचं पाणी ओसरतं आणि काठची माती, गोटे उघडे पडतात. पक्षी बघायला सकाळी उजाडताच जा. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा, म्हणजे रंग नीट दिसतात.

पण पाय जपून टाका. टिटवी आणि नदी सुरय हे पक्षी उघड्यावरच अंडी घालतात, तीही मातकट, ठिपक्यांची. दोन पावलांवरूनही खडेच वाटतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर आल्या वाटेनेच परता. अंडी शोधायला, फोटो काढायला थांबू नका. भर उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणते, अंड्यांवर सावली धरते. आपण तिथे रेंगाळलो, तर अंडी उन्हात भाजतात.