मागाच्या फिरत्या पेटीवरून पाणबुडीचा टॉर्पेडो लाँचर

सोलापुरात चादरीच्या कारखान्यांत माग दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. सहा खणांची फिरती पेटी असलेला माग ज्यानं पाहिलाय, त्याला रिमोटवरच्या मॉडेल पाणबुडीचा हा लाँचर लगेच कळेल. पेटी एक खण फिरते आणि हव्या त्या रंगाचा आडवा धागा नेणारा धोटा बरोबर वाटेसमोर येतो. मी धोट्याच्या जागी टॉर्पेडो ठेवला, इतकंच.

माझं मॉडेल आयएनएस कलवरीचं, १:६० मापाचं. खरी पाणबुडी ६७.५ मीटर लांब, म्हणजे मॉडेल सव्वा अकराशे मिलिमीटर. खरा टॉर्पेडो ५३३ मिमी जाडीचा, आपला ९ मिमी. खऱ्या कलवरीला सहा स्थिर नळ्या आहेत. फिरता ड्रम ही आपली सोय, एकाच तोंडातून तीन टॉर्पेडो सोडण्यासाठी.

ड्रमला ९० अंशांवर चार जागा ठेवा. तीन जागी साडेनऊ मिमी आतल्या मापाच्या पितळी नळ्या, चौथी जागा कोरी. नळीत मागे स्टेनलेसची हलकी स्प्रिंग, तिचं मागचं टोक पक्कं बसवलेलं. ड्रमपुढे ३ मिमी जाडीची नायलॉनची स्थिर चकती आणि तिला ११ मिमीचं एकच भोक. टॉर्पेडोची नाकं या चकतीवर टेकून राहतात. नळी भोकासमोर आली की टॉर्पेडो आपोआप सुटतो, वेगळा खटका लागत नाही. नाक गोल आणि गुळगुळीत हवं, नाहीतर भोकाच्या काठाला अडकतं.

माझा पहिला ड्रम हौदात नीट फिरला, पण टॉर्पेडो बोटभर सरकून थांबले. दोन दिवस मी स्प्रिंगलाच दोष देत होतो. नळीचं मागचं तोंड बंद होतं, टॉर्पेडोमागे पाणी शिरायला वाटच नव्हती! मागच्या झाकणाला प्रत्येक नळीमागे ५ मिमीचं भोक पाडलं आणि काम झालं. तेव्हा ही भोकं आधीच पाडा.

ड्रम पाण्यातच असतो, त्याला सील नको. सर्वो, म्हणजे ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर, मात्र कोरड्या डब्यात. तिथून ३ मिमीचा स्टेनलेस दांडा पितळी बुशमधून बाहेर काढा, बुशमध्ये ओ-रिंग (रबराची गोल कडी) आणि सिलिकॉन ग्रीस. सर्वोवर ४० दात्यांचं गिअर, दांड्यावर २० दात्यांचं. सर्वो ४५ अंश फिरला की ड्रम ९० फिरतो. त्यामुळे १८० अंशांच्या सर्वोवर चारही जागा आरामात बसतात. रिमोटच्या गोल नॉबवर चार खुणा करा. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात लगेच विरते, म्हणून कमी फ्रिक्वेन्सीचा सेटच घ्या.

टॉर्पेडोचं वजन जीव लावून जुळवा. बादलीत सोडल्यावर जेमतेम तरंगला पाहिजे, पाठ पाण्याशी जवळपास समतल. मग सुटल्यावर तो वर येऊन सापडतो, आणि त्याच्या जागी पाणी भरल्यानं बोटीचा तोल फारसा ढळत नाही. नाकाला मऊ रबर लावा.

भरताना ड्रम तिसऱ्या नळीवर आणा, मग दुसऱ्या, मग पहिल्या. टॉर्पेडो आत दाबायला टोकापासून ३ मिमीवर कडं असलेली काठी करून घ्या. कडं चकतीला टेकलं की नाक बरोबर चकतीच्या आतल्या बाजूला येतं. काठी तशीच धरून ड्रम फिरवा. चेहरा तोंडासमोर आणू नका, नातवंडांनाही तेच सांगा. शेवटी ड्रम कोऱ्या जागेवर ठेवा, पाणबुडी पाण्यात बुडवून तिचं तोंड वर करा आणि नळ्यांतले बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवा.