मे महिन्यात दुपारी दोनला कुत्रं कुठे बसणार, आधी ते विचारा

रस्त्यावरून उचललेलं पिल्लू बरं होऊन घरभर पळायला लागलं की आता त्याला एखादं चांगलं घर मिळावं असं वाटतंच, पण फोटो टाकायच्या आधी दवाखाना. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताचं औषध द्या, गोचिडांचं बघून घ्या, पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत डोस चालतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. सगळं कार्डावर लिहून घ्या, ते कार्ड पिल्लासोबतच जाईल. आई जवळ असेल तर दोन महिने व्हायच्या आत तोडू नका.

फोटोसोबत खरं ते लिहा. मागचा पाय ओढतं, मांजरीवर धावतं, जे असेल ते. मादी असेल तर "मादी नको भाऊ" असं बरेच जण म्हणतील, त्यांना सांगा की सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी होते, आपण सोबत येऊ, मग दर वेळी पिल्लांचं काय करायचं हा प्रश्नच नाही.

आता फोन येतील. आपल्याकडे निम्मे फोन "मळ्यात राखणीला पाहिजे"चे असतात. मळा वाईट नाही, निंबाची सावली, पाण्याची कुंडी, सालदाराचं घर तिथेच असेल तर कुत्रं मजेत राहतं. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलं तर जीव जातो. म्हणून हाच प्रश्न विचारा, दुपारी दोनला ते कुठे असेल? समोरचा लगेच जागा दाखवायला लागला तर पुढे बोला, "बांधू कुठंतरी" म्हणाला तर सरळ नाही म्हणा, ओळखीचा असला तरी.

घर स्वतः जाऊन बघा. घरातल्या आजींनाही विचारा, कारण दिवसभर घरात त्याच असतात. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी बोला. आणि चैत्रात सगळं घर पायी सप्तशृंगी गडावर निघालं तर भाकर कोण टाकणार, एक नाव घ्यायला लावा. खाण्याचंही तिथेच सांगा: शेवभाजीचा, मटणाचा रस्सा कुस्करून घालायचा नाही, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. भाकरी दह्यात चालेल, उकडलेलं अंडं चालेल.

द्यायचा दिवस दिवाळीच्या आसपासचा नको, फटाक्यांत नवीन जागेवरून पळून गेलं तर सापडणार नाही. सकाळी लवकर न्या, गाडीत उलटी होते म्हणून निघायच्या आधी पोटभर देऊ नका, त्याच्या वासाचं जुनं फडकं सोबत द्या, पट्ट्यावर नवीन घरचा फोन नंबर. पहिले पंधरा दिवस अंगणात सुद्धा दोरीनेच.

एक साधा कागद सही करून घ्या: नाही जमलं तर रस्त्यावर न सोडता आम्हालाच परत. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, तेही ताई-दादा म्हणत शांतपणे सांगा. मग आठवड्याने फोन करा, महिन्याने जाऊन या, आणि रेबीजच्या बूस्टरची तारीख आपल्याच मोबाईलमध्ये लावून ठेवा.