‘द क्रूसिबल’वर निबंध लिहिताना: सूड, भय आणि उपरोध एका धाग्यात कसे ओवावेत

नाशिकच्या सराफ बाजारात चांदी वितळवण्यासाठी भट्टीत जे भांडे ठेवतात त्याला मूस म्हणतात, आणि अमेरिकी नाटककार आर्थर मिलर यांच्या, चेटकाच्या खटल्यांवरील ‘द क्रूसिबल’ या नाटकाच्या शीर्षकाचा अर्थही नेमका तोच आहे. निबंधाला बसणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर हा एक शब्द लिहून ठेवावा. तिसऱ्या अंकात न्यायाधीश डॅनफर्थ अभिमानाने सांगतो की आमच्या न्यायालयातला अग्नी सगळा लपवलेला मामला वितळवून टाकतो. प्रत्यक्षात त्या मुशीतून खोटे सहीसलामत बाहेर पडते आणि खरे तेवढे जळून जाते. विषयाची निम्मी उकल या एका वाक्यात आहे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गात या नाटकावरचे निबंध वाचताना एक दोष मला वारंवार आढळतो. सूड, भय आणि उपरोध असे तीन मथळे पाडून प्रत्येकाखाली चार-पाच प्रसंग मांडले जातात, आणि तेच प्रसंग पुन्हा पुन्हा आल्यामुळे लिहिणारा व वाचणारा दोघेही कंटाळतात. या तीन गोष्टी शेजारी मांडलेले तीन ढीग नाहीत. भय दार उघडते, त्या दारातून सूड आत शिरतो, आणि दोघांची खबर फक्त प्रेक्षकाला असल्यामुळे उपरोध निर्माण होतो. निबंधाची मांडणी याच क्रमाने करावी.

लेखणी उचलण्यापूर्वी इतिहास आणि नाटक यांची फारकत करून घ्यावी. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे 1692 मध्ये चेटकाचे खटले चालले, 19 जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्धाचा छातीवर दगड रचून जीव घेण्यात आला. नाटक रंगमंचावर आले ते जानेवारी 1953 मध्ये, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या चौकश्या चालू असताना. मिलर यांनी इतिहासात बदलही केले. आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी ॲबिगेल प्रत्यक्षात 11-12 वर्षांची होती आणि नाटकाचा नायक, शेतकरी जॉन प्रॉक्टर, प्रत्यक्षात साठीचा. नाटकात ती 17 वर्षांची आहे, तो तिशीच्या मध्यावर आहे आणि दोघांत अनैतिक संबंध घडून गेला आहे. ‘सेलममध्ये ॲबिगेलने प्रेमभंगाचा सूड घेतला’ असे वाक्य लिहिले की निबंधाची विश्वासार्हता तिथेच संपते, कारण तो सूड सेलमचा नसून नाटककाराने रचलेला आहे.

सूडाचा शोध घेताना आरोप करणाऱ्या प्रत्येक पात्राबद्दल एकच प्रश्न विचारावा: चेटकाची चर्चा सुरू होण्यापूर्वी या माणसाचे आणि आरोपीचे काय बिनसले होते? ॲबिगेलचे उत्तर सोपे आहे. जॉनची पत्नी एलिझाबेथ प्रॉक्टर हिने तिला घरकामावरून काढले आहे आणि तिला एलिझाबेथची जागा हवी आहे. बहुतेक निबंध इथेच थांबतात, हे माझ्या मते दुर्दैव, कारण पुढची उत्तरे अधिक बोलकी आहेत. वॉलकॉट नावाच्या माणसाने जाइल्सची पत्नी मार्था कोरी हिच्याकडून डुक्कर विकत घेतले, ते मेले, तो पैसे परत मागायला गेला, तेव्हा ‘तुला डुक्कर पोसायची अक्कल नाही’ असे तिने सुनावले. आता तो सांगतो की तिच्या पुस्तकांतल्या मंत्रांमुळे त्याच्याकडे जनावर जगत नाही. श्रीमती पटनम हिची सात बाळे दगावली आहेत आणि रिबेका नर्सचा वंश भरभराटीला आला आहे. आरोप रिबेकावर येतो. थॉमस पटनमची गोष्ट तर सातबाऱ्याचे वाद पाहिलेल्या कोणाही मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. फाशी गेलेल्याची जमीन जप्त होते, ती विकत घेण्याइतका पैसा पटनमकडेच आहे, आणि त्याने आपल्या मुलीकरवी शेजाऱ्यावर आरोप करवला असे जाइल्स कोरी न्यायालयात सांगतो. ही नोंद वहीत तीन रकान्यांत करावी: आरोप करणारा, आरोपी आणि जुने भांडण. तिसरा रकाना भरत गेला की गावाचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

भयाबद्दल लिहिताना ‘गावात भीतीचे वातावरण होते’ या वाक्याचा मोह टाळावा. कोणाला कशाची भीती आहे हे नावानिशी लिहावे. पाद्री पॅरिसला आपले पद जाण्याची भीती आहे, त्याची गुलाम टिट्यूबा हिला चाबकाची, प्रॉक्टरकडे कामाला असलेल्या मेरी वॉरनला आरोप करणाऱ्या मैत्रिणींची. या भीतीला न्यायालयाने दिलेला हिशेब फार साधा आहे: कबुली दिली तर जीव वाचतो, नाकारले तर दोर. म्हणून टिट्यूबा कबुली देते आणि नावे घेऊ लागते, आणि तिच्या पाठोपाठ मुलीही. खोटे बोलणे सुरक्षित आणि खरे बोलणे प्राणघातक ठरते, हा सौदा निबंधात स्पष्ट दाखवावा. डॅनफर्थच्या भयाकडे मात्र आवर्जून लक्ष द्यावे, कारण ते सहज नजरेतून निसटते. चौथ्या अंकात तो फाशी पुढे ढकलायला तयार नाही. 12 जणांना आधीच लटकवल्यावर आता थांबलो तर त्या 12 जणांबद्दल शंका घेतली जाईल, असे तो म्हणतो. न्यायाधीशाची भीती आरोपीच्या भीतीपेक्षा अधिक माणसे मारते.

उपरोध हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात टोमण्याच्या अर्थाने वापरतो, त्यामुळे निबंधात त्याची व्याख्या सुरुवातीलाच करावी. इथे अभिप्रेत आहे तो नाट्यात्म उपरोध, म्हणजे पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, आणि परिस्थितीचा उपरोध, म्हणजे कृतीचे फळ हेतूच्या नेमके उलट येणे. दोन्हींसाठी तिसऱ्या अंकातला एकच प्रसंग पुरेसा आहे आणि त्यावर निबंधाचे किमान एक पूर्ण पान खर्च करावे. ॲबिगेलचा हेतू उघड व्हावा म्हणून प्रॉक्टर स्वतःची बदफैली भर न्यायालयात कबूल करतो आणि पत्नी आयुष्यात कधी खोटे बोलली नाही असे सांगतो. एलिझाबेथला बोलावून तेच विचारले जाते; नवऱ्याने कबुली दिल्याचे तिला ठाऊक नाही, त्याची अब्रू राखण्यासाठी ती आयुष्यातले पहिले खोटे बोलते आणि त्यानेच त्याचा बचाव कोसळतो. दुसऱ्या अंकात दहा आज्ञा म्हणून दाखवताना प्रॉक्टरला नेमकी व्यभिचाराची आज्ञा आठवत नाही आणि पत्नी ती हळूच सुचवते. हा प्रसंग त्याची पूर्वतयारी म्हणून आधी घ्यावा. पाद्री हेलचा प्रवासही इथेच बसतो, कारण जाडजूड ग्रंथ घेऊन सैतान शोधायला आलेला हा माणूस शेवटी कैद्यांना खोटी कबुली देऊन जीव वाचवा म्हणून विनवतो.

जीव वाचवण्यासाठी चेटकाच्या खोट्या कबुलीपत्रावर सही करून प्रॉक्टर ते शेवटी का फाडतो, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. उत्तरात आपले नाव कलंकित होऊ न देण्याच्या त्याच्या आग्रहाबरोबर आणखी एक गोष्ट असावी: तो स्वतःबद्दल खोटे बोलायला तयार होतो, पण इतरांची नावे घ्यायला तयार होत नाही. 1956 मध्ये मिलर यांना अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले तेव्हा त्यांनीही इतरांची नावे घेण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी त्यांना दोषी ठरवले गेले आणि 1958 मध्ये तो निर्णय रद्द झाला. या तारखा नाटकानंतरच्या आहेत, म्हणून त्या नाटकाचे मूळ म्हणून लिहू नयेत.

आपल्याकडचा संदर्भ द्यायचा असल्यास तो पटनमच्या जमिनीच्या परिच्छेदाला जोडून एकदाच द्यावा. भगताने एखाद्या बाईला डाकीण ठरवणे आणि त्यामागे जमिनीचा किंवा भाऊबंदकीचा वाद असणे हे आपल्या वाचकाला अपरिचित नाही. मात्र ‘सेलमसारखेच’ असे लिहून मोकळे होऊ नये. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार करणी केल्याचा आरोप ठेवून एखाद्याचा छळ करणारा स्वतःच आरोपी ठरतो आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सेलममध्ये न्यायपीठ आरोप करणाऱ्या मुलींच्या बाजूला बसले होते. साम्य गावात आहे आणि फरक न्यायालयात आहे, एवढे दोन वाक्यांत नोंदवून पुन्हा नाटकाकडे वळावे.